पाऱ्याच्या हाताला सगळंच गरम

पाऱ्याला पारा का म्हणतात हे त्या गावात कुणाला विचारावं लागत नसे. त्याचं खरं नाव बायकोला ठाऊक होतं आणि बहुधा कुठल्यातरी दाखल्यावर होतं. बाकी सगळ्यांसाठी तो पारा. एकतीस वर्षं फ्रिज दुरुस्त करणारा हा माणूस थर्मामीटर वापरत नसे. दार उघडायचं, उजवी बाही कोपरापर्यंत सारायची, हात आत घालून मधल्या फळीवर पालथा धरायचा, डोळे मिटायचे आणि मनात दहा मोजून झाले की सांगायचं, "साडेपाच. एक कमी करतो." सुरुवातीला काही शंकेखोर लोकांनी थर्मामीटर आणून ताडून पाहिलं होतं. साडेपाच म्हणजे साडेपाचच निघालं. तेव्हापासून शंका घेणारे त्याचे भक्त होऊन बसले, आणि भक्त झालेला शंकेखोर किती कट्टर असतो हे सांगायला नको.

पुढे पुढे लोक फ्रिज सोडून कपाळंही दाखवायला लागले. शाळेच्या मुख्याध्यापिका तापाची साथ आली की त्याला बोलावून घेत. मुलं रांगेत उभी राहत, पारा एकेका कपाळावर हात टेकवत पुढे जाई आणि "हा घरी, हा वर्गात, हा घरी, हा सोंग करतोय" असा निकाल देई. डॉक्टरांच्या घरचा फ्रिजही त्याच्याच हाताखालून गेलेला होता. ही गोष्ट पुढे महाग पडणार होती, पण ते नंतर.

तर अशा या पाऱ्याच्या दोन्ही किडन्या हळूहळू थकत चालल्या होत्या. डायलिसिसची पाळी अजून आली नव्हती, पण ती दाराबाहेर चप्पल काढून उभी होती. बायकोने कुणाला न विचारता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या, जुळतंय म्हटल्यावर घरी येऊन भाजी चिरता चिरता सांगितलं, "माझी एक देणार आहे." पारा "बरं" म्हणाला. दोघांच्या संसारातले सगळे मोठे निर्णय असेच, भाजी चिरता चिरता झाले होते. ऑपरेशन सहा महिन्यांनी करायचं ठरलं.

मधल्या काळात त्याला धाप लागायला लागली. हत्यारांची पिशवी तीच, पण कुणीतरी रोज गुपचूप तिच्यात एकेक वीट टाकतंय असं वाटायचं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो बसायचा, आणि कुणी पाहिलं तर भिंतीवरच्या वायरिंगची तपासणी करतोय असं दाखवायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चार.

"पूर्वी तेरा होतं तुमचं," डॉक्टर म्हणाले. "त्याचं असं आहे, किडनी नुसती लघवी करत नाही. रक्तात प्राणवायू कमी पडला की तीच हाडांच्या आतल्या मगजाला निरोप धाडते, रक्तपेशी बनवा म्हणून. तुमच्या किडन्या थकल्यात, निरोप जात नाही. मगज बापडा ठणठणीत आहे, पण त्याला कुणी काम सांगत नाहीये."

पाऱ्याने क्षणभर विचार केला. "म्हणजे कॉम्प्रेसर चांगला आहे. थर्मोस्टॅट गेलाय."

डॉक्टरांनी ते वाक्य कागदावर टिपून घेतलं. त्यानंतर ते प्रत्येक पेशंटला हेच समजावत, आणि ज्यांना थर्मोस्टॅट म्हणजे काय ते माहीत नसे त्यांच्या गोंधळात भर पडे.

उपचार दोन होते. आधी लोह, कारण नुसता निरोप पाठवून कच्चा माल नसेल तर कारखाना चालणार कसा. गोळ्यांनी त्याचं पोट बिघडलं म्हणून लोह शिरेतून दिलं. आणि दुसरं, दर आठवड्याला एक इंजेक्शन, म्हणजे तोच निरोप, बाहेरून आणलेला. ते बायकोने घरीच पोटाच्या कातडीखाली द्यायचं. डॉक्टरांनी बजावलं की हिमोग्लोबिन दहा ते साडेअकराच्या मधे आणायचंय, त्याच्या वर नाही. जास्त झालं तर रक्त दाट होतं, रक्तदाब चढतो, गुठळ्या होतात. आणि सातच्या खाली गेलं, तर मात्र बाहेरचं रक्त चढवावं लागेल.

"ते मला टाळायचंय," डॉक्टर म्हणाले. "परक्या रक्ताशी एकदा गाठ पडली की शरीर परक्या गोष्टींशी भांडायला शिकतं. उद्या वहिनींची किडनी बसवायला गेलो आणि तुमच्या शरीराने तिच्याशी उभा दावा मांडला तर? होईलच असं नाही. पण मला तो धोका नकोय."

पाऱ्यालाही नको होता. बायकोने देऊ केलेली वस्तू आपल्या शरीराने नाकारायची, हा विचारच त्याला फार अपमानाचा वाटला. म्हणून सात हा आकडा त्या घरात दबा धरून बसला. सातच्या वर राहायचं, बस्स.

इंजेक्शनच्या खोक्यावर लिहिलं होतं: दोन ते आठ अंशांत ठेवावे, गोठवू नये, हलवू नये. पाऱ्याने ते वाचलं आणि त्याचा ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्यातरी औषधाने त्याच्या धंद्याची कदर केली होती. बसच्या धक्क्यांनी हलू नये म्हणून तो दवाखान्यातून घरी चालत आला, बर्फाच्या डब्यात खोकं, डबा दोन्ही हातांत पोटाशी, आणि वाटेत सहा वेळा बसला. घरी फ्रिजच्या पायांखाली रबराचे तुकडे लावले, कंप पोचू नये म्हणून. दारं आपटायची नाहीत असा फतवा निघाला. बायकोने आठवडाभर कपाटसुद्धा कुजबुजल्यासारखं लावलं. मधल्या फळीवरून भाज्या हलवल्या गेल्या आणि तिथे खोकं एकटंच विराजमान झालं. मग पाऱ्याने बाही सारली, हात आत धरला, डोळे मिटले.

"अकरा," तो म्हणाला. "बघितलंस? आपल्याच घरात अकरा. शरमेची गोष्ट आहे." आणि त्याने थर्मोस्टॅटची चकती फिरवली.

आता इथे वाचकाला जे कळतंय ते पाऱ्याला कळत नव्हतं, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही. रक्त कमी झालं की हातपाय गार पडतात. गार हाताला कोमट पाणीसुद्धा कढत लागतं. गेले दोन महिने पाऱ्याच्या हाताला सगळंच गरम लागत होतं, फ्रिज, फळी, कपाळ, चहाचा कप, जग. आणि ज्याच्या हातावर एकतीस वर्षं गावाने विश्वास टाकला, त्याने दोन महिन्यांत हातावर अविश्वास कसा दाखवायचा? त्याने साहजिकच जगावर दाखवला. फ्रिज बनवणारे हल्ली लबाडी करतात, असं त्याचं मत झालं.

महिन्याच्या फेरीत त्याने गावातले सगळे फ्रिज खाली आणले. फुलवालीच्या थंड कपाटात गुलाब काचेसारखे झाले. एक गिऱ्हाईक गुलदस्ता घेऊन निघालं, दारात तो हातातून निसटला आणि फुलं फुटली. डेअरीवाल्याचं दूध मापाने देता येईना, तो ते सुरीने खरवडून देऊ लागला. शाळेत पाऱ्याने तपासणीत बावीसच्या बावीस मुलांना ताप असल्याचं जाहीर केलं, मुख्याध्यापिकांनासुद्धा. त्या बिचाऱ्या मुकाट्याने घरी जाऊन झोपल्या आणि पडल्या पडल्या आपल्याला काय होतंय याचा विचार करत राहिल्या.

शवागारातून तर फोनच आला. तिथला कर्मचारी तोंडाचा फटकळ होता, पण पाऱ्याशी तोही जपून बोलायचा.

"पाराभाऊ, आमच्याकडची मंडळी जरा कडक झालीत."

"तुमच्याकडची मंडळी कडक असणारच."

"तसं नाही हो. ट्रेला चिकटलीत. ट्रे कप्प्यातून निघत नाहीत. नातेवाईक बाहेर फुलं घेऊन उभे आहेत."

"मग आधी केवढं गरम असेल, त्याचा विचार करा," पारा म्हणाला. "म्हणून तर कमी केलं मी."

 कर्मचाऱ्याने फोन ठेवला.

नंतरच्या महिन्यात मात्र तक्रारी थांबल्या. पारा फेरीवर गेला की फ्रिज पुन्हा गरमच लागायचे, तो पुन्हा चकती फिरवायचा, लोक हात जोडून "बरं झालं आलात" म्हणायचे. धंदा उत्तम चालला होता. फक्त हिमोग्लोबिन चढत नव्हतं. आठावर आलं, मग सात पूर्णांक सहा. डॉक्टरांनी इंजेक्शनचा डोस वाढवला. सात पूर्णांक तीन.

डॉक्टर हैराण झाले. त्यांनी लोह पुन्हा तपासलं, ते भरपूर. कुठे रक्तस्राव, कुठे जंतुसंसर्ग, कुठलं जीवनसत्त्व कमी, सगळं धुंडाळलं. काही नाही. शेवटी घसा खाकरून त्यांनी विचारलं, "इंजेक्शन... फ्रिजमध्येच ठेवता ना?"

पाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "डॉक्टर, मी तुम्हाला कधी विचारलं का, की स्टेथोस्कोप कानातच घालता ना?"

डॉक्टरांनी विषय सोडला. त्यांच्या घरचा फ्रिज नऊ वर्षं कुरकुरला नव्हता, आणि ज्याच्यामुळे नऊ वर्षं थंड पाणी प्यायलो त्या माणसाला आणखी किती विचारायचं, याला मर्यादा असते. पुढच्या तपासणीत सात पूर्णांक एक निघालं. डॉक्टर म्हणाले, अजून एक खेप बघू, मग रक्त चढवावंच लागेल. त्या दिवशी पारा चालत घरी आला तेव्हा वाटेत किती वेळा बसला, हे त्याने मोजलं नाही.

दवाखान्यात त्याच सुमारास एक नवीन सिस्टर आल्या होत्या. बाहेरगावच्या. पारा कोण, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि हेच बरं झालं. सकाळी तपासणीसाठी रक्त द्यायला आलेल्या पाऱ्याने सवयीप्रमाणे कोपऱ्यातल्या औषधांच्या फ्रिजचं दार उघडलं, बाही सारली, हात आत घातला आणि चकतीकडे वळला. सिस्टरनी त्याच्या मनगटावर फटका मारला.

"काय करताय?"

"बारा आहे आत. लसी नासतील तुमच्या."

"चार आहे," सिस्टर म्हणाल्या आणि दारावरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं.

"बिघडलंय ते."

सिस्टरनी ड्रॉवरमधून दुसरं काढून आत ठेवलं. चहा होईस्तोवर दोघं फ्रिजसमोर उभे राहिले. चार. तिसरं ठेवलं. चार.

"तिन्ही एकाच दुकानातली असतील," पारा म्हणाला, पण आवाज जरा खाली आला होता.

सिस्टरनी त्याचा हात धरला. नाडी बघायला धरावा तसा धरला आणि मग सोडलाच नाही. "केवढा गार हात आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "याच हाताने मापता? तुमचं इंजेक्शन ठेवलेला फ्रिज कुणी लावलाय?"

पाऱ्याने दुसऱ्या हाताने बाही खाली ओढली. सिस्टरनी तिसरं थर्मामीटर त्याच्या खिशात घातलं. ते रात्रभरातलं सगळ्यात कमी तापमान लक्षात ठेवणारं होतं. सकाळी वाचून या, म्हणाल्या.

सकाळी थर्मामीटर म्हणालं, उणे तीन.

पाऱ्याने आधी त्याची बॅटरी बदलली. मग ते काखेत धरलं. छत्तीस पूर्णांक सहा. मग एका पेल्यात बर्फ कुटून, त्यात पाणी घालून, ते ढवळून थर्मामीटर त्यात बुडवलं. शून्य. बर्फाच्या पाण्यात जे शून्य दाखवतं ते थर्मामीटर खरं, हे तो स्वतः धंद्यातल्या नवख्यांना शिकवत आला होता. तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. चार महिने तो रबराच्या तुकड्यांवर, कुजबुजत्या कपाटांसोबत, एकट्या फळीवर ठेवून ते औषध जिवापाड गोठवत होता. मग टोचताना झोंबू नये म्हणून बायको ते तासभर आधी बाहेर काढून ठेवी, आणि ते मेलेलं औषध तो तिच्याकडून पोटात टोचून घेत होता. औषध मेलं म्हणून रक्त वाढत नव्हतं, रक्त नाही म्हणून हात गार, हात गार म्हणून फ्रिज गरम, फ्रिज गरम म्हणून औषध मेलं. एवढं चोख फिरणारं चक्र त्याने एकतीस वर्षांत कुठल्या यंत्रात पाहिलं नव्हतं. त्याला रडू आलं. थोडं कौतुकही वाटलं, पण रडू जास्त.

उरलेली इंजेक्शनं टाकून दिली. नवीन आली. डॉक्टरांनी डोस पहिल्याइतका खाली आणला, कारण आता जिवंत औषध जाणार होतं, आणि दर आठवड्याला रक्तदाब बघायला बोलावलं. स्टेथोस्कोपचा विषय दोघांनीही काढला नाही. फ्रिज थर्मामीटरने चारावर लावला. पाऱ्याने स्वतःशी ठरवलं, आकडा चढला तरच गावाला तोंड दाखवायचं. तब्येत बरी नाही असं सांगून तो घरात बसला.

चार आठवड्यांनी आठ पूर्णांक दोन आलं. सात मागे पडलं. डॉक्टर म्हणाले, "असंच हळूहळू चढू दे. रक्त चढवायचं नाव नको आता." पारा दवाखान्यातून बाहेर पडला तो थेट फेरीवर. खिशात थर्मामीटर, मनात माफीची वाक्यं. सगळ्यात आधी फुलवाली. तिच्या कपाटात थर्मामीटर ठेवलं, दहा मिनिटं खाली मान घालून उभा राहिला, आणि वाचलं. पाच.

पाऱ्याला काही कळेना. इथे तर उणे असायला हवं. डेअरीवर गेला. चार. शवागारात गेला. तीन. सगळे फ्रिज असायला हवेत तसे, वर्षानुवर्षं होते तसे.

"मी मागच्या फेरीत हे खाली आणलं होतं," तो म्हणाला.

शवागाराचा कर्मचारी इकडे तिकडे बघायला लागला. पण आधीच सांगितलं ना, तोंडाचा फटकळ होता. फार वेळ गप्प राहणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे.

"तुम्ही गेलात की आम्ही परत फिरवायचो," तो म्हणाला.

"आम्ही म्हणजे?"

"सगळेच. फुलवालीने आधी फिरवलं. तिने डेअरीवाल्याला सांगितलं, त्याने मला. शाळेतही तसंच. तुम्ही ज्या पोरांना घरी धाडता ती पुढच्या दाराने जातात आणि मागच्या दाराने वर्गात येतात. बाईंनी तसं बसवूनच दिलंय." त्याने कप्प्याचं दार लावलं. "तुमचा चेहरा कागदासारखा झाला होता, पाराभाऊ. दोन पायऱ्या चढून बसत होतात. तुम्हाला कोण सांगणार, की हात चुकतोय म्हणून?"

माफीची वाक्यं खिशातल्या खिशात राहिली. पारा घराकडे निघाला. चालता चालता त्याच्या डोक्यात हिशेब जुळत गेला. अख्ख्या गावाने चकत्या परत फिरवल्या होत्या. दूध वाचलं, फुलं वाचली, मेलेली माणसंसुद्धा वाचली. गावात एकच फ्रिज असा होता की जिथे त्याच्या माघारी कुणी चकतीला हात लावला नव्हता, आणि त्यात त्याचा जीव ठेवलेला होता.

बायको भाजी चिरत होती. तो समोर बसला.

"आठ पूर्णांक दोन," तो म्हणाला.

"सिस्टरांनी फोन करून सांगितलं मला." तिचे डोळे ओले होते, पण समोर कांदा होता, त्यामुळे नक्की काही सांगता येत नव्हतं.

"सगळ्या गावाला कळलं होतं," पारा म्हणाला. "तुला नाही कळलं? चार महिने?"

"कळलं होतं की. पहिल्याच आठवड्यात. दूध चमच्याने फोडत होते मी. अंडी तडकली, काकड्या काचेच्या झाल्या."

"मग फिरवलं का नाहीस?"

तिने सुरी खाली ठेवली. "लोकांनी तुमच्या पाठीमागे फिरवलं. मला नाही जमलं ते. तुमच्या किडन्या गेल्या, रक्त गेलं, जिने गेले. हात तेवढा उरला होता. म्हटलं, दूध गेलं तर गेलं. औषध गोठून मरतं, हे मला काय माहीत? खोक्यावरचं तुम्ही वाचलंत. मला फक्त दारं आपटू नको एवढंच सांगितलंत."

हे खरं होतं. पाऱ्याला इतकी शरम वाटली की त्याने कांद्याचं टरफल उचललं आणि उगाच परत ठेवलं.

"यापुढे तोंडावर सांगायचं," तो म्हणाला. "माझं काही चुकत असलं तर. तिथल्या तिथे."

"नक्की?"

"नक्की."

बायकोने हात पदराला पुसले आणि सुरुवात केली. इंजेक्शन देताना तुम्ही पोट आत ओढता, त्याने सुई दुखते आणि मग माझ्या हाताला नावं ठेवता. फ्रिजखालच्या रबरामुळे दार आपोआप उघडतं. तुम्ही गाता ते गाणं नाही, दुसऱ्याच गाण्याची चाल आहे, बावीस वर्षं. माझ्या मामांची थट्टा करता, ते मला आवडत नाही. पारा ऐकत राहिला. मधे एकदा "मामांचं राहू दे" म्हणाला, तर ती म्हणाली, राहू दे नाही, आत्ताच तोंडावर सांग म्हणालात.  यादी लांबत गेली. चिरलेला कांदा सुकला. बाहेरचं ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं.

मग ती थांबली. पाऱ्याला वाटलं, झालं.

"आणि ऑपरेशनची मला भीती वाटते," ती म्हणाली. "देणार आहेच मी. त्यात बदल नाही. पण भीती वाटते, आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

 पाऱ्याला धीर देणारी चार-पाच वाक्यं येत होती. डॉक्टरांकडून ऐकलेलीही दोन होती. त्यातलं एकही त्याने वापरलं नाही.

"किती?" त्याने विचारलं.

तिने खरोखरच विचार केला.

"बरीच," ती म्हणाली.

तो स्टूल घेऊन उठला आणि टेबलाच्या तिच्या बाजूला जाऊन बसला. तिने कांद्याचं ताट जरा पुढे सरकवलं, त्याला कोपर टेकायला जागा व्हावी म्हणून.